वळणाचा दिवा
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



पस्तीस वर्षें मुलांना गणित व शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, स्वतः मात्र मॅट्रिकच्या पुढें न गेलेल्या शाळामास्तरानें नभोवाणीवरून बोलावयाचें, तर त्यानें शिस्त, चारित्र्य, ग्रंथप्रेम अशा एखाद्या भारदस्त विषयावर बोलावें, अशी आपली समजूत असणें स्वाभाविक आहे. ती समजूत मी आज थोडीशी दुखावणार आहें. जुन्या मोटार-सायकलीला जे वळणाचे दिवे असतात, ज्यांना आपण सर्वजण ‘इंडिकेटर’ म्हणतों, त्यांच्या दुखण्याविषयीं आणि त्या दुखण्याच्या निदानाविषयीं मला चार शब्द सांगावयाचे आहेत. शहरांतील पुष्कळ घरांत जिन्याखालीं किंवा अंगणाच्या कोपऱ्यांत वडिलांच्या वेळची एखादी मोटार-सायकल अजून उभी असते. कोणी ती हौसेनें वापरतो, कोणी काटकसरीनें, कोणी नुसतीच जीव अडकला म्हणून ठेवतो. अशा गाडीचें इंजिन बहुधा ठणठणीत असतें. ब्रेक, टायर यांकडेहि मालकाचें लक्ष असतें. हा दिवा तेवढा कोणाच्या खिजगणतींत नसतो. माझ्याहि नव्हता.

माझी गाडी मीं नोकरींत असतांना घेतली. तिला आतां पंचवीस वर्षें होऊन गेलीं. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण पुढें जें घडलें त्यांत दोष गाडीचा नव्हता. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका सायंकाळीं मी व माझी पत्नी साताऱ्यांत बाजारांतून घरीं परत येत होतों. उजवीकडे आमच्या गल्लींत वळावयाचें म्हणून मीं उजव्या बाजूचा दिवा लावला. हॅन्डलाजवळचा हिरवा सूचक दिवा लुकलुकूं लागला, टिक्‌टिक् असा ठोकाहि ऐकूं आला. मी निःशंक वळलों. त्याच क्षणीं मागून येणाऱ्या एका तरुणाची दुचाकी आमच्या मागच्या चाकावर आदळली. मी कसाबसा सांवरलों. पत्नी खालीं पडली आणि तिच्या मनगटाचें हाड मोडलें.

तो मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. “काका, तुमचा दिवा लागलाच नव्हता,” असें तो पुनःपुन्हां सांगत होता. मीं त्यास सर्वांदेखत ‘खोटें बोलतोस’ असें म्हटलें. हिरवा दिवा मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिला होता, मग दुसरें मी काय म्हणणार? जमलेल्या लोकांनीं माझे पांढरे केंस पाहिले, त्यांतल्या दोघांतिघांनीं मला ‘सर’ म्हणून हांक मारली, आणि निकाल तेथल्या तेथें लागला. प्लॅस्टरचे सारे पैसे त्या मुलानें भरले.

दहा-बारा दिवसांनीं मीं गाडी घरासमोर भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. अंधार पडूं लागला होता. पत्नी हात गळ्यांत बांधून ओट्यावर बसली होती. कशावरून कोण जाणे, मीं उजवा दिवा लावून पाहिला. पुढच्या दिव्याचा नारिंगी उजेड भिंतीवर लुकलुकूं लागला. इतक्यांत ओट्यावरून ती म्हणाली, “अहो, मागचा लागला नाहीं.” मी उतरून मागें गेलों. मागचा दिवा मिट्ट काळोखा होता, आणि हॅन्डलावरचा हिरवा दिवा मोठ्या उत्साहानें ‘सर्व ठीक आहे’ असें सांगत होता.

पूर्वीं ही भानगडच नव्हती. वाहन चालविणारा हात बाहेर काढी आणि मागचा समजे. मोटार-सायकलवर मात्र उजवा हात काढणें म्हणजे वेगाची मूठ व पुढचा ब्रेक दोन्ही सोडणें. पावसांत व चढावर हें किती जिवावरचें असे, तें ज्यांनीं केलें आहे त्यांनाच ठाऊक. युरोपांतल्या मोटारींना एके काळीं बाजूच्या खांबांतून बाहेर येणारा एक लहानसा हात असे. बटन दाबलें कीं तो वितीएवढा हात आडवा होई. पुढें अमेरिकेंत १९३९ सालच्या ब्यूइक मोटारींत लुकलुकणारे दिवे कारखान्यांतूनच बसवून येऊं लागले आणि हळूहळू तेंच सर्वत्र रूढ झालें. दिवा नुसता जळत न राहतां लुकलुकला पाहिजे, आणि तोहि मिनिटास सुमारें ६० ते १२० वेळां, असा आतां दंडक आहे. स्थिर उजेडाकडे डोळा दुर्लक्ष करतो, लुकलुकणाऱ्याकडे करूं शकत नाहीं.

आतां गाडींतील विजेची वाट पाहूं. बॅटरींतून वीज निघते, फ्यूजमधून जाते, किल्लीच्या स्विचांतून जाते, मग ‘फ्लॅशर’ नांवाच्या एका लहान डबींत शिरते. हीच डबी विजेचा प्रवाह तोडते व जोडते. तेथून ती हॅन्डलावरील स्विचांत येते आणि आपण बोटानें जिकडे ढकलूं तिकडे, उजव्या किंवा डाव्या तारेंत, वळते. प्रत्येक बाजूस दोन दिवे, एक पुढें व एक मागें. वर्गांत मुलांना मी पाटाच्या पाण्याचा दृष्टांत देत असें, पण तो येथें अपुरा पडतो. पाटाचें पाणी शेतांत मुरलें कीं संपलें. विजेचें तसें नाहीं, तिला फिरून बॅटरीपर्यंत परत यावेंच लागतें. जातांना ती तारेनें जाते. परत येतांना बहुतेक जुन्या गाड्यांत ती दिव्याच्या लोखंडी दांडींतून, मडगार्डांतून, गाडीच्या सांगाड्यांतून येते. या परतीच्या वाटेस मिस्त्री लोक ‘अर्थिंग’ म्हणतात. मालक जाणारी तार तपासतो, बल्ब बदलतो, आणि परतीच्या वाटेकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. जुन्या गाड्यांच्या दिव्यांचीं निम्मीं दुखणीं या परतीच्या वाटेवर असतात, असें मी अनुभवानें म्हणूं शकतों.

मग तो हिरवा दिवा खोटें कां बोलला? वस्तुतः तो खोटें बोललाच नाहीं. आपण त्याला नको तो प्रश्न विचारतों. फ्लॅशरमधून उजव्या तारेंत वीज आली, एवढेंच तो सांगतो. पुढें ती दोन्ही बल्बांत पोंचली कीं नाहीं याची त्यास वार्ताहि नसते. किंबहुना ज्या जुन्या गाड्यांना दोन्ही बाजूंस मिळून एकच सूचक दिवा असतो, त्यांत त्याची जोडणी मोठी गमतीची असते. त्याचें एक टोंक उजव्या तारेस व दुसरें डाव्या तारेस जोडलेलें असतें. उजवी तार चालू झाली कीं त्या चिमुकल्या दिव्यांतील वीज डाव्या बाजूच्या बल्बांतून वाट काढून परत जाते. ती इतकी थोडी असते कीं डावे बल्ब तिनें उजळत नाहींत. यावरून एक चमत्कारिक गोष्ट निघते. उजवीकडचे दिवे नीट लुकलुकत आहेत, पण सूचक दिवा तेवढा लागत नाहीं, असें झालें तर दोष डाव्या बाजूस शोधावा. तेथील दोन्ही बल्ब गेलेले असण्याचा संभव फार. हें मला समजलें तेव्हां आपण मुलांना विद्युन्मंडलाचा धडा इतकीं वर्षें किती कोरडेपणानें शिकविला, याचें वाईट वाटलें.

माझ्या गाडीनें मला आणखी एक खूण दिली होती, तीहि मीं ओळखली नाहीं. अपघातापूर्वीं कित्येक आठवडे उजव्या बाजूचा ठोका डाव्यापेक्षां जलद पडत असे. ‘बरी जोमदार चालते आहे’ असें मी समजत होतों. ओहमनें आपला नियम १८२७ सालीं प्रसिद्ध केला. मीं तो सालोसाल फळ्यावर लिहिला. आणि माझ्याच गाडीच्या ठोक्यांत तो मला ऐकूं आला नाहीं. हिशेब पाहा. माझी गाडी १२ व्होल्टांची, बल्ब १० वॉटांचे. एका बाजूचे दोन बल्ब मिळून २० वॉट. म्हणजे प्रवाह सुमारें १.६७ अँपिअर. एक बल्ब बंद पडला कीं तो निम्मा, सुमारें ०.८३ अँपिअर होतो. जुन्या पद्धतीचा फ्लॅशर उष्णतेवर चालतो: आंतली धातूची पट्टी किंवा तार विजेनें तापते, वांकते, संबंध तुटतो, निवते, संबंध जुळतो. प्रवाह निम्मा झाला कीं ती पुरेशी तापत नाहीं, आणि ठोका मंदावतो किंवा दिवा न लुकलुकतां तसाच जळत राहतो. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरांपैकीं पुष्कळ याच्या उलट वागतात; भार कमी झाला कीं ते ठोका जलद करतात. माझ्या गाडीवर मिस्त्रीनें असाच एक बसविला होता. तात्पर्य, ठोका बदलला, मग तो मंद होवो कीं जलद होवो, तर खालीं उतरून चारी दिवे पाहावे.

निदानास सुरुवात करतांना हातांत आधीं पाना घेऊं नये. गाडी सावलींत उभी करून नुसतें पाहावें. एकच दिवा बंद आहे, एका बाजूचे दोन्ही बंद आहेत, कीं चारी बंद आहेत? या एका प्रश्नानें तीन-चतुर्थांश काम होतें. एकच बंद असेल, तर दोष त्या दिव्याच्या आसपास, कारण बाकी सारी वाट त्याच्या जोडीदारास व्यवस्थित वीज पुरवीत आहे. एका बाजूचे दोन्ही बंद असतील, तर स्विच किंवा त्या बाजूची तार. चारी बंद असतील, तर जेथून सर्वांस वीज जाते तेथें, म्हणजे बॅटरी, फ्यूज किंवा फ्लॅशर येथें पाहावें.

चारी बंद असतां पहिलें काम हॉर्न वाजवून पाहण्याचें. आपल्याकडील पुष्कळ जुन्या गाड्यांत हॉर्न व वळणाचे दिवे बॅटरीवर चालतात, परंतु ठिणगी इंजिनाच्या स्वतःच्या मॅग्नेटोवर. त्यामुळें बॅटरी पार मेली असली तरी गाडी लाथेसरशीं सुरू होते आणि मालक म्हणतो, ‘बॅटरी कशी वाईट असेल, गाडी तर चालते आहे!’ हॉर्नहि मुका झाला असेल तर बॅटरी व फ्यूज पाहावा. भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन थोडें वेगानें चालू असतां हाच आंकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यावा. तसा न आला तर ती भरलीच जात नाहीं, आणि तें दुखणें निराळें. हें मोजणारें मल्टिमीटर नांवाचें यंत्र कोणत्याहि विजेच्या दुकानांत अल्प किंमतींत मिळतें. तें नसेल तर एका चांगल्या बल्बास दोन तारा जोडून घ्याव्या. मी प्रथम अशा दिव्यावरच काम भागविलें.

फ्यूज उडाला असेल तर त्याच मापाचा दुसरा घालावा. त्या जागीं तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी गुंडाळून घालण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. ज्यांना आपली गाडी जाळून पाहावयाची असेल त्यांनीं ती अवश्य पाळावी. फ्यूज पुन्हां उडाला, तर कोठेंतरी तारेचें आवरण घांसून ती उघडी पडली आहे व सांगाड्यास लागते आहे, हें निश्चित समजावें आणि ती जागा शोधावी.

हॉर्न वाजतो आणि चारी दिवे मात्र गप्प, असें असेल तर संशय फ्लॅशरवर. त्यास दोन टोंकें असतात. एकींतून वीज येते, दुसरींतून जाते. दोन्ही तारा काढून त्या एका तुकड्यानें एकमेकींस जोडाव्या आणि स्विच एका बाजूस करावा. दिवे स्थिर जळूं लागले तर तारा, स्विच, बल्ब सर्व शुद्ध आहेत. फ्लॅशर तेवढा बदलावा. तरीहि लागले नाहींत तर त्याला उगाच दोष देऊं नये. तीन टोंकांच्या फ्लॅशरांत तिसरें टोंक बहुधा अर्थिंगचें असतें. त्यास मात्र या जोडण्यांत घेऊं नये.

हॅन्डलावरचा स्विच उघडण्यापूर्वीं खालीं एक ताट किंवा फडकें अंथरावें. आंत बाजरीच्या दाण्याहून थोडी मोठी पोलादी गोळी व तिच्याखालीं बारीक स्प्रिंग असते. झांकण काढतांच ती कोठें उडते तें परमेश्वरालाच ठाऊक! माझी तुळशी-वृंदावनांत सांपडली, तीहि चौथ्या दिवशीं. आंतील तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट-काळा थर असतो, तो मऊ ब्रशानें व विजेचे सांधे साफ करण्याच्या फवाऱ्यानें पुसून काढावा. पॉलिश-पेपरनें जोरानें घांसूं नये. पट्ट्या पातळ असतात. पावसाळ्यानंतर एका बाजूचे दोन्ही दिवे कधीं लागतात, कधीं लागत नाहींत, या तक्रारीचें मूळ बहुधा येथें असतें. दुसरें मूळ हॅन्डलाच्या मानेपाशीं. तेथून जाणारा तारांचा जुडगा वर्षानुवर्षें डावीकडे-उजवीकडे मुरडला जातो. वरचें आवरण शाबूत राहतें आणि आंतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. दिवा चालू ठेवून हॅन्डल या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावें. मध्येंच दिवा विझला कीं रोग सांपडला.

आतां माझ्या गाडीकडे वळूं. तिचा एकच दिवा बंद होता. मीं प्रथम नवा बल्ब घातला. लागला नाहीं. जुना बल्ब काढून थेट बॅटरीस लावून पाहिला, तो लखलखीत लागला. अर्थात् बल्ब निर्दोष होता आणि मी दुसरा उगाच आणला होता. (बल्ब घेतांना त्याच्या पितळी टोपीवरील व्होल्ट व वॉट वाचून घ्यावे. ६ व्होल्टांचा बल्ब १२ व्होल्टांच्या गाडींत क्षणभर चमकून जळतो; उलट घातला तर काजव्यासारखा मिणमिणतो.) मग होल्डर पाहिला. त्याच्या तळाशीं जी स्प्रिंगवरची टिकली असते ती गंजून आंत बसून गेलेली पुष्कळदां आढळते. माझी ठीक होती. मीटरचें एक टोंक तिला व दुसरें बॅटरीच्या ऋण टोंकास लावलें. काटा ठोक्याठोक्याला उडूं लागला. म्हणजे वीज बल्बाच्या पायापर्यंत येत होती आणि तरीहि बल्ब जळत नव्हता!

सुमारें अर्धा तास मी त्या दिव्यापुढें पाटावर बसून होतों. मग एका लांब तारेचें एक टोंक मीं बॅटरीच्या ऋण टोंकास बांधलें आणि दुसरें होल्डरच्या पितळी अंगास नुसतें टेकविलें. दिवा तत्काळ लागला. तार उचलली, विझला. टेकविली, लागला. ओट्यावरून पत्नी म्हणाली, “सांपडलें वाटतें.” सांपडलें होतें. त्या उन्हाळ्यांत मीं हौसेनें मागचें मडगार्ड रंगवून घेतलें होतें. रंगाऱ्यानें दिवे काढले, छान काळा रंग दिला, आणि रंग वाळल्यावर दिवे पुन्हां बसविले. डाव्या दिव्याचा नट आवळतांना रंग खरवडला गेला आणि लोखंड लोखंडास भेटलें. उजवीकडे रंगाचा तो तलम पापुद्रा मध्यें राहिला. चैत्रापासून श्रावणापर्यंत त्या पापुद्र्यानें विजेची परतीची वाट अडवून धरली होती.

उपाय दहा मिनिटांचा. दांडी सोडून तिच्या बुडाशीं रुपयाएवढ्या जागेवरचा रंग पॉलिश-पेपरनें घांसून लोखंड पांढरें केलें, दांतेरी वॉशर घातला, नट आवळला आणि गंज चढूं नये म्हणून वरून व्हॅसलीनचें बोट फिरविलें. ज्यांच्या गाडीचे दिवे रबराच्या दांडीवर बसविलेले असतात त्यांना सांगाड्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. त्यांत अर्थिंगची निराळी तार असते, तिचें टोंक तपासावें. आणि एक लक्षण सांगतों, तें फार उपयोगी आहे. वळणाचा दिवा लावला असतां मागचा तांबडा दिवाहि त्याच्या ठोक्यावर मिचकूं लागला, तर अर्थिंग गेलें असें डोळे मिटून समजावें. परतीची वाट बंद झाल्यामुळें वीज शेजाऱ्याच्या घरांतून वाट काढीत असते.

अलीकडे तरुण मंडळी हे बल्ब काढून त्या जागीं एल.ई.डी. दिवे बसवितात. ते तेजस्वी असतात, टिकतातहि. त्यांच्याविरुद्ध माझें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ते एक-दोन वॉटच खातात. जुना उष्णतेवर चालणारा फ्लॅशर एवढ्याशा प्रवाहानें तापतच नाहीं, म्हणून दिवे लुकलुकत नाहींत. आणि गाडीचा मालक नव्या दिव्यांस शिव्या देतो. त्यासाठीं एल.ई.डी.करितां केलेला फ्लॅशर घालावा लागतो. शिवाय मघां सांगितलेला एकुलता सूचक दिवा असेल, तर त्यांतून पलीकडे झिरपणारी वीजहि एल.ई.डी.ला पुरते आणि उजवीकडे वळतांना चारी दिवे लुकलुकूं लागतात! तेथें सूचक दिव्याची जोडणी बदलून, वीज एकाच दिशेनें जाऊं देणारे दोन डायोड मध्यें घालावे लागतात. हें काम मात्र जाणत्याकडून करून घ्यावें.

काम करतांना किल्ली बंद असावी, आणि तारा सोडावयाच्या असतील तर प्रथम बॅटरीचें ऋण टोंक काढावें. बोटांतली अंगठीहि काढून ठेवावी. बॅटरी १२ व्होल्टांची असली तरी तिचीं दोन टोंकें अंगठीनें जोडलीं गेलीं तर बोट भाजून निघतें.

दिवा दुरुस्त झाल्यावर मीं इस्पितळाची पावती काढली. तिच्यावर पैसे भरणाऱ्याचें नांव होतें. साताऱ्यासारख्या गांवांत तेवढ्यावरून माणूस शोधणें कठीण नाहीं. तो एका औषधांच्या दुकानांत कामास होता. मी गेलों तेव्हां तो खोकीं उचलीत होता. मीं पैशांचें पाकीट त्याच्यापुढें ठेवलें आणि मडगार्डाच्या रंगाची सारी हकीकत सांगितली. त्यानें ती पुरी ऐकून घेतली. मग म्हणाला, “काका, लागला नव्हता हें मीं तेव्हांच सांगितलें होतें.” मीं म्हटलें, “होय, सांगितलें होतेंस.” त्यानें पाकीट घेतलें, पत्नीच्या हाताची चौकशी केली आणि पुन्हां खोकीं उचलूं लागला. त्यापलीकडे आमचें कांहीं बोलणें झालें नाहीं. दुकानांत त्या वेळीं गिऱ्हाइकें होतीं. तीं ऐकत होतीं, तेवढें बरें झालें. त्याला मीं खोटा म्हटलें तेंहि चारचौघांतच म्हटलें होतें.

तेव्हांपासून दर रविवारीं सकाळीं चहा झाला कीं मी गाडी अंगणांत काढतों. मी हॅन्डलापाशीं बसतों. पत्नी प्रथम पुढें आणि मग मागें उभी राहते. मी ‘उजवा’ म्हणतों, ती ‘लागला’ म्हणते. मी ‘डावा’ म्हणतों, ती ‘लागला’ म्हणते. मग ब्रेक दाबून तांबडा दिवा पाहावयाचा. दोन मिनिटांचें काम. गेल्या रविवारीं मी ‘डावा’ म्हटल्यावर तिकडून कांहींच उत्तर येईना. हिरवा दिवा तर माझ्यासमोर नेहमींप्रमाणें लुकलुकत होता. मीं वळून पाहिलें, तों ती खालीं वांकून मागच्या दिव्याची कांच पदरानें पुसत होती. “लागला आहे,” ती म्हणाली, “पण चिखलानें दिसत कोठें होता?”